फुलोरा भरघोस, फळ एकही नाही: घरच्या आवळ्याचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे तुमचं रो-हाऊस आहे. मागच्या मोकळ्या जागेत सात वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेलं ‘कृष्णा’ जातीचं आवळ्याचं कलम लावलंत. झाड आता गच्चीला टेकलंय. दर मार्चमध्ये फांद्या फुलोऱ्याने भरतात, खाली फरशीवर पिवळट भुगा पडतो, मधमाश्या घोंघावतात, आणि मे उजाडेपर्यंत सगळं गायब. आजवर एक आवळा हाती आला नाही. आवळी नवमीला तुम्ही त्याच झाडाखाली पानं मांडता आणि पूजेचे आवळे मात्र रविवार कारंज्यावरून विकत आणता. शेजारी म्हणतात झाड वांझ आहे, तोडून टाका. सासरे मखमलाबादचे जुने द्राक्ष बागायतदार, त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही दर ऑक्टोबरात झाड छाटता, हिरवळीबरोबर त्यालाही रोज पाणी देता, वर्षातून दोनदा युरिया टाकता. शिवाय इंग्लंडहून आलेल्या आतेभावाने तिकडच्या ‘गूसबेरी’च्या बियांचं पाकीट दिलंय, ते गच्चीवर येईल का, हा दुसरा प्रश्न.

झाड तोडू नका. ते वांझ नाही, एकटं आहे.

आवळ्याच्या एकाच झाडावर नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही येतात, त्यामुळे एक झाड पुरेल असं कुणालाही वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक लागवडीच्या जातींमध्ये स्वतःच्या परागकणांनी फळधारणा होत नाही, झाली तरी नाममात्र. पराग दुसऱ्या जातीच्या झाडाचाच लागतो. आणि इथे बरेच जण फसतात: एक झाड फळत नाही म्हणून त्याच नर्सरीतून त्याच जातीचं दुसरं कलम आणून शेजारी लावतात. ‘कृष्णा’ची दोन कलमं म्हणजे एकाच मूळ झाडाच्या दोन फांद्या. रक्त एकच. त्यांचा एकमेकांना काही उपयोग नाही. दहा लावली तरी तेच.

मग रानातला आवळा कसा लगडतो? त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातल्या डोंगरांत रानआवळ्याची झाडं आहेत. त्यांना कुणी खत घालत नाही, छाटत नाही, तरी थंडीत बारीक, तुरट आवळे पाट्या भरून नाशिकच्या बाजारात येतात. कारण ती सगळी बियांपासून आलेली. प्रत्येक झाड वेगळं, त्यामुळे प्रत्येकाला आसपास जोडीदार मिळतो. जुन्या गावठाणातल्या आवळ्यांचंही तसंच. परड्यात एखादं झाड, गल्लीच्या टोकाला दुसरं, आणि सगळी बियांची. आपण सुधारित कलमं आणली, मोठी फळं आणली, फ्लॅट आणि रो-हाऊसच्या जमान्यात प्रत्येकाने एकेकच झाड लावलं, आणि एकटेपणाचा हा प्रश्न घरोघर उभा राहिला. माझ्याकडे आवळ्याबद्दल येणाऱ्या तक्रारींत हीच सर्वात जास्त असते.

तरी फक्त माझ्या सांगण्यावर जाऊ नका, येत्या मार्चमध्ये स्वतः तपासा. फुलोरा आल्यावर एक बारीक डहाळी हातात घ्या आणि भिंग लावून बघा. डहाळीच्या बुडाकडच्या भागात पानांच्या बगलेत झुपक्यांनी लोंबणारी, बारीक देठाची फुलं दिसतील. ती नरफुलं, संख्येने भरमसाट, आणि फरशीवरचा भुगा त्यांचाच. त्याच डहाळीच्या वरच्या टोकाकडे मोजकीच, जवळजवळ बिनदेठाची, टोकाला फाटलेली बारीक जीभ असल्यासारखी फुलं असतील. ती मादीफुलं. कोवळ्या वयाच्या झाडावर मादीफुलं फारच कमी येतात, पण तुमचं कलम सात वर्षांचं आहे, तेव्हा ती असायला हवीत. असली आणि तरीही गळत असली, तर दुखणं परागाचंच. अजिबात नसली, तर दुखणं खतपाण्याचं आणि छाटणीचं. मला तुमच्या झाडात दोन्हींची भेसळ दिसते.

‘मे उजाडेपर्यंत सगळं गायब’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावर एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांच्या झाडाला फळ धरतं त्यांनाही मे महिन्यात काही दिसत नसतं. एप्रिलमध्ये फळधारणा झाली की आवळ्याचा गर्भ झोपी जातो. मोहरीएवढा ठिपका पानाच्या बगलेत तसाच बसून राहतो. नाशिकचा चाळीस अंशांचा उन्हाळा तो तसाच काढतो आणि पावसाळा लागून हवेत ओलावा आला, की जुलै-ऑगस्टमध्ये एकदम फुगायला लागतो. ऑगस्टअखेर झाडाकडे बघितलं की माणूस चकित होतो, हे कधी लागलं? त्यामुळे मे-जूनमध्ये ‘फळ धरलं नाही’ असा निकाल देऊन झाड छाटणारे, त्यावर संजीवकं (वाढीची औषधं) मारणारे, मुळं उकरणारे लोक धरलेलं फळ घालवतात. तुमच्याकडे नोव्हेंबरातही फळ नसतं, म्हणजे मुळात धारणाच नाही. पण पुढे जोडीदार मिळाल्यावर हे लक्षात ठेवावं लागेल. एप्रिल ते जुलै झाडाला हात लावायचा नाही.

आता सासऱ्यांच्या सल्ल्याकडे येतो. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे, पण तो द्राक्षाचा आहे. नाशिककराच्या डोक्यात वर्षाचे दोन ठरलेले दिवस असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. द्राक्षवेल छाटली की फुटते, फुटली की घड निघतो, म्हणून दारातल्या पेरूपासून आवळ्यापर्यंत सगळ्यांवर तोच कॅलेंडर चालवला जातो. आवळ्याचं गणित अगदी वेगळं. ऑक्टोबरात त्याच्या अंगावर वाढीला लागलेली फळं असतात, ती डिसेंबर-जानेवारीत काढायची असतात. तेव्हा कात्री लावणं म्हणजे पीक उभं असताना शेत नांगरणं. फळं नसली तरी नुकसान आहेच. वसंतात फुलं घेऊन येणाऱ्या बारीक डहाळ्या या आधीच्या वर्षांच्या पक्व फांद्यांवरच्या गाठींतून फुटतात. दर ऑक्टोबरात त्या फांद्याच मागे कापल्या, तर झाड सरळसोट, जोमदार, पानांनी भरलेले वासे काढतं. हिरवंगार दिसतं, आणि फुलण्याची जागा मागे मागे सरकत जाते.

छाटणीची खरी वेळ फळं उतरल्यानंतरची, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, नवी पालवी फुटण्याआधी. तेव्हा आवळा पानं झाडतो. नुसती पानं नाही, बारीक डहाळ्याच गळून पडतात आणि झाड खराट्यासारखं दिसतं. ‘आवळा वाळतोय’ असे घाबरे फोन मला याच दिवसांत येतात. काही वाळत नसतो. त्या उघड्या सांगाड्यात काय कापायचं ते स्पष्ट दिसतं: वाळलेली, मोडकी, एकमेकांवर घासणारी फांदी, खोडाच्या बुडातून फुटलेले धुमारे, आणि मध्यभागी सूर्यप्रकाश अडवणारी एखाद-दुसरी. बस. कलमाच्या सांध्याखालून काही फुटलेलं असेल तर ते निर्दयपणे काढा. तो खुंट आहे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं ते, तुमची ‘कृष्णा’ नव्हे.

पाण्याचंही तसंच. रोज संध्याकाळी हिरवळीचा पाइप झाडाच्या बुंध्याशी सोडायचा, ही सवय मोडा. आवळा कोरडवाहू स्वभावाचा आहे. शहरात पडणारा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस मुरला, तर जमिनीत बसलेल्या झाडाला फारशी मदत लागत नाही. माझी पद्धत अशी: फेब्रुवारीत खत घातल्यावर एक भरपूर पाणी. मग फुलोरा असेतोवर, म्हणजे साधारण मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य, पाणी पूर्ण बंद. फुलोऱ्यात पाणी दिलं की झाड पालवीकडे वळतं आणि फूल गाळतं. त्यानंतर पाऊस येईपर्यंत पंधरा ते वीस दिवसांनी एकदा, पण तेव्हा बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला आळं करून दणकून द्यायचं. पाऊस लवकर गेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा निघाला, तर फळ पोसायला एक-दोन पाणी जास्त. हिरवळ आणि आवळा एकाच नळावर सुखी होणार नाहीत. दोघांपैकी एक निवडायचं झालं तर मी हिरवळ काढेन, पण घर तुमचं आहे.

युरिया थांबवा. हिरवळीतून झिरपलेला युरिया आधीच आहे, त्यात आणखी. नत्र जास्त झालं की पान वाढतं, फूल मागे पडतं. शेतातली सर्वसाधारण शिफारस झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे १० किलो शेणखत, १०० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश अशी असते, दहाव्या वर्षापर्यंत वाढवत नेऊन पुढे तेवढीच ठेवतात. घरच्या झाडाला मी रासायनिक निम्म्याहून कमी ठेवतो. तुमच्यासाठी: फेब्रुवारीत पाच-सहा घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, दोन किलो निंबोळी पेंड आणि मूठ-दोन मूठ पालाशयुक्त खत आळ्यात मिसळा. ऑगस्टमध्ये पुन्हा थोडं कंपोस्ट. स्वयंपाकघरातला ओला कचरा कच्चाच बुंध्याशी पुरू नका, वाळवी येते. आळ्यात वाळलेला पालापाचोळा मात्र वर्षभर पसरलेला असू द्या.

आता मुख्य उपाय. जोडीदार दोन प्रकारे देता येतो. जागा असेल तर दुसऱ्या जातीचं कलम लावायचं. जागा नसेल तर याच झाडाच्या एखाद-दोन फांद्यांवर दुसऱ्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे त्या जातीच्या काडीवरचा फुटण्याचा डोळा सालीसकट काढून इथे बसवायचा. तुमच्या वर्णनावरून दुसरं झाड मावणार नाही. शेतात दोन आवळ्यांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवतात, परसात छाटून पाच मीटरपर्यंत आणता येतं, पण तुमच्याकडे तेवढंही नाही. दुसरा मार्ग म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात लावणं. ज्यांनी झाड तोडायला सांगितलं त्यांनाच एक रोप भेट द्या, दोन्ही घरी आवळे होतील. आवळा देऊन कोहळा काढण्यातला प्रकार म्हणा हवं तर.

डोळा भरण्याची वेळ पावसाळ्याची. जून ते ऑगस्टमध्ये झाडात रस चढलेला असतो आणि साल सहज सुटते, तीच खूण. पद्धत अशी. आदल्या फेब्रुवारीत उजेडाकडची, अंगठ्याएवढी जाड एक फांदी निवडून ती दीड-दोन फुटांवर कापा. एप्रिलपर्यंत त्यावर नवे फुटवे येतील. त्यातले बाहेरच्या दिशेला जाणारे दोन ठेवा, बाकीचे खुडा. पेन्सिलएवढे जाड झाले की ते डोळा घ्यायला तयार. डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळा काढायचा ती काडी, फळ देणाऱ्या, खात्रीच्या झाडाची घ्या, चालू हंगामातली, ना फार कोवळी ना फार जून. काडीवरून सुमारे एक इंच उंच आणि अर्धा इंच रुंद असा सालीचा चौकोनी तुकडा डोळ्यासकट अलगद काढायचा. फुटव्यावरची तेवढ्याच मापाची साल काढून तिथे हा तुकडा चपखल बसवायचा. माप चुकलं तर थोडं लहान चालेल, मोठं नाही, कडा एकमेकांवर चढता कामा नयेत. वरून खाली प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, डोळा उघडा ठेवून. सगळं काम झटपट, कारण उघडी साल काळी पडली की जोड धरत नाही. सकाळी लवकर करा, पावसाची रिपरिप चालू असताना करू नका.

तीन आठवड्यांनी डोळा हिरवा आणि टवटवीत असेल तर जमलं. मग डोळ्याच्या वरचा फुटवा टप्प्याटप्प्याने कापायचा आणि पट्टी सैल करायची. एकाच वेळी चार-पाच डोळे भरा, कारण घरगुती हाताने निम्मे जमले तरी छान. हाताला सवय नसेल तर रोपवाटिकेतला डोळे भरणारा माणूस बोलवा. बोर, गुलाब, संत्रं यांचे डोळे भरणाऱ्याला आवळा अवघड नाही. त्याच्यासमोर एकच अट ठेवा, काडी कोणत्या जातीची आहे ते त्याने नक्की सांगितलं पाहिजे. पुन्हा ‘कृष्णा’च भरून गेला तर सगळी मेहनत पाण्यात.

त्या फांदीवर फुलं यायला दोनेक वर्षं जातील. तोवर एक जुनी युक्ती. मार्चअखेर तुमचं झाड फुललं, की कुणाच्या तरी दुसऱ्या जातीच्या, किंवा बियांच्या, फुललेल्या आवळ्याच्या चार-सहा डहाळ्या मागून आणा, पाण्याच्या बादलीत उभ्या करा आणि बादली आपल्या झाडाच्या फांद्यांत मध्यावर टांगा. पाणी रोज बदला, डहाळ्या दोन-तीन दिवसांनी नव्या. वारा आणि मधमाश्या बाकीचं पाहतील. भरघोस पीक येणार नाही, पण बादलीच्या आसपास ऑगस्टमध्ये फळं दिसली, तर निदान पक्कं झालं असं समजा. त्या दिवसांत झाडावर किंवा शेजारच्या फुलझाडांवर कीटकनाशक अजिबात मारू नका, मधमाश्या मराव्यात म्हणून आपण एवढा खटाटोप करत नाही.

कोणती जात? ‘कृष्णा’ म्हणजे एनए-५ (एनए म्हणजे नरेंद्र आवळा), ही बनारसी जातीतून निवडलेली. फळ मोठं, लवकर येणारं, सालीवर लालसर झाक. तिला जोडीला मी आपल्याकडे ‘कांचन’ सुचवतो. कांचन म्हणजे एनए-४, चकैया जातीतून निवडलेली, मादीफुलं भरपूर, फळ मध्यम आणि थोडं रेषाळ, पण महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या हवेत हमखास फळणारी. मोरावळ्याला तिचा चोथा जाणवतो असं काहींना वाटतं. लोणचं, सुपारी, रस यासाठी झकास. एनए-७ ही लवकर फळाला येते आणि इतकी लगडते की फांद्या मोडतात, ते गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. मोरावळा आणि कँडीच ज्यांना करायची त्यांनी एनए-६ बघावी, तिच्यात रेषा कमी. बनारसी फळाला देखणी, पण मादीफुलं कमी आणि उत्पन्न बेताचं. फ्रान्सिस जातीची फळं आतून काळी पडण्याची सवय आहे, घरच्यासाठी तिच्या वाटेला जाऊ नका. या ‘एनए’ जाती उत्तर प्रदेशातल्या तेव्हाच्या फैजाबादच्या (आता अयोध्या) नरेंद्र देव कृषी विद्यापीठातल्या निवडी आहेत. रोपवाटिकेच्या पाटीवर ‘एनए’ किंवा ‘नरेंद्र आवळा’, दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

रोप घेताना खोडाच्या खालच्या भागात कलमाचा सांधा दिसलाच पाहिजे. सांधा नसलेलं झुपकेदार, स्वस्त, उंच रोप बियांचं असतं. त्याला फळ यायला आठ-दहा वर्षं लागू शकतात, कलमाला तीन-चार. पण आधी सांगितलं त्याप्रमाणे, परागासाठी बियांचं झाडही उत्तम चालतं. गल्लीत कुणाकडे असेल तर त्याची किंमत ओळखा.

ज्यांना नव्याने लावायचंय त्यांच्यासाठी. आपल्या कॉलन्यांत अंगण म्हणजे बहुतेकदा बिल्डरचा भराव असतो, विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचे गोळे आणि वर चार इंच माती. आवळा खडकाळ, मुरमाड, चुनखडीच्या जमिनीतही तग धरतो, क्षारही सोसतो, पण भरावात मूळ अडकून झाड खुरटतं. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यात काढा, राडारोडा बाहेर फेका, महिनाभर उन्हात तापू द्या. मग पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी भरून जूनच्या चांगल्या पावसानंतर लावा. काळ्या भारी जमिनीत, आडगाव-ओझरच्या बाजूला असते तशी, पाणी साठू नये म्हणून रोप वरंब्यावर लावा. साचलेलं पाणी हे झाड सहन करत नाही. कुंपणाच्या भिंतीपासून निदान दहा फूट सोडा आणि विजेच्या तारेखाली लावूच नका. लाकूड ठिसूळ असतं, लगडलेली फांदी वाऱ्यात कडकन मोडते. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत खोड कमरेइतकं मोकळं ठेवून वर चार-पाच फांद्या वेगवेगळ्या दिशांना, रुंद कोनात वळवा. अरुंद बेचक्यातल्या दोन फांद्यांपैकी एक तेव्हाच काढली की पुढे टेकू शोधत फिरावं लागत नाही.

थंडीची काळजी पहिल्या दोन वर्षांपुरती. मोठ्या आवळ्याला नाशिकची थंडी बाधत नाही, पण निफाडला पारा ५ अंशांखाली उतरतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्या आठवड्यांत कोवळं रोप शेंड्याकडून करपू शकतं. रात्री तीन बाजूंनी गोणपाटाचा आडोसा करा आणि पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हाला उघडी ठेवा. संध्याकाळी हलकं पाणी दिलं की जमीन ऊब धरते.

किडीरोगांचं फार मनावर घेऊ नका. दोन गोष्टी मात्र बघत राहा. खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात तांबूस भुशाची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी खरवडून काढा, खाली छिद्र सापडेल, त्यात तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा खुपसा आणि चिखलाने लिंपा. आणि पावसाळ्यात शेंड्यांवर गाठी आल्या तर आतल्या अळीसकट शेंडा कापून जाळून टाका. फळांवर काळपट फोड येतात तो तांबेरा, त्यासाठी गळालेला पाला उचलणं आणि गरज पडली तर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी, एवढं पुरतं. फळ कापल्यावर आतला गर काळा निघत असेल तर तो रोग नसून बोरॉनची कमतरता असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा बोरॅक्स, लिटरमागे ६ ग्रॅम, फवारायचं. हात सैल सोडू नका, बोरॉन जास्त झालं की पानं करपतात. द्राक्षावरचं जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक) उरलंय, ते आवळ्यावर मारू का, असं तुमच्या सासऱ्यांनी विचारलंय. नको. ज्या फुलाला परागच मिळाला नाही, त्याला संजीवक देऊन काय करणार?

राहिला बियांच्या पाकिटाचा प्रश्न. इंग्लंडची गूसबेरी ही काटेरी झुडुपावर येते. इंग्रजी नावात सारखेपणा असला तरी आवळ्याशी तिचं काही नातं नाही. हिवाळाभर शेकडो तास कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय तिचे डोळे फुटत नाहीत, आणि आपल्याकडे थंडी म्हणजे रात्री दहा-बारा अंश, दुपारी अंगात शर्ट नकोसा. बी उगवलीच तरी मार्चनंतरचं ऊन ती काढणार नाही. नाद सोडा.

गच्चीसाठी त्याऐवजी रसभरी घ्या, म्हणजे आपली टिपारी. ती टोमॅटो-वांग्याच्या कुळातली आहे आणि कुंडीत उत्तम होते, एकटं झाडही फळतं. जूनअखेर ट्रेमध्ये बी टाका, रोप चार-पाच इंचांचं झालं की बारा ते चौदा इंची कुंडीत एकेक लावा. माती फार सकस करू नका, नाहीतर नुसता पाला माजतो. फांद्या पसरतात, दोन काठ्यांना बांधून घ्या. थंडीत फळं सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात. कागदी आवरण पिवळं-तपकिरी होऊन फळ आपोआप गळतं, तेव्हाच ते खायचं. हिरवं फळ पोटाला बाधतं, लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. कुणाला आंबट घड आवडत असतील तर रायआवळा आहे. तो मोठ्या पिंपातही जगतो आणि त्याला जोडीदार लागत नाही, पण त्याला कोकणची दमट हवा जास्त मानवते. नाशिकला घराच्या दक्षिणेला, भिंतीच्या उबेत ठेवलात तर बरा.

तुमच्यासाठी लगेचची कामं तीन. येत्या ऑक्टोबरात कात्री घरातच ठेवा. फेब्रुवारीत डोळ्यासाठीची फांदी कापा. आणि त्याआधी, आवळ्याचा हंगाम चालू असताना, ओळखीत कुणाकडे कांचन लगडलेला आहे ते बघून ठेवा. डोळकाडी त्याच झाडाची मागायची आहे, आणि जात ओळखायला फळ अंगावर असतानाच झाड पाहिलेलं बरं.